पुन्हा आठवी

मिलब्रँट, नेब्रास्का
१२ जानेवारी

प्रिय ग्वेन,

मेसेज केला की तू अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळी होतेस. फोन केला आणि खेळाचा विषय निघाला की "रॉक्सी, नियम" म्हणून गप्प बसतेस. म्हणून हे पत्र. आपल्या आया सख्ख्या बहिणी, आयुष्यभर पत्रांतून भांडल्या. आपण मावसबहिणींनी ती परंपरा का मोडावी?

थकले गं मी. शनिवारी पहाटे उठून ओमाहा गाठायचं, दिवसभर त्या गोदामासारख्या हॉलमध्ये व्हॉलीबॉलच्या शिट्ट्या ऐकायच्या, रविवारी परत तेच. सोमवारी बँकेच्या काउंटरवर बसले तरी कानात शिट्ट्या वाजत असतात. शेवटचं चर्चला कधी गेलो ते फादरनाच विचारावं लागेल, असं डेल म्हणतो. नवरा म्हणून त्याचं या विषयावरचं एवढं एकच मत आहे.

आमची टेस आठवीत आहे आणि तिच्या व्हॉलीबॉल क्लबचे कोच लिंडाउअर म्हणतात, तुम्हाला उशीर झाला. आठवीत उशीर! कॉलेजच्या संघात जागा हवी असेल तर आत्ताच व्हिडिओ करा, कोच लोकांना पत्रं पाठवा, मार्कांकडे बघा. दोन कॉलेजांची पत्रं आलीसुद्धा. "प्रिय टेस, तुझ्यासारख्या खेळाडूवर आमचं लक्ष आहे, उन्हाळी शिबिराला ये." दोन्ही फ्रिजवर लावली आहेत.

पण खरा प्रश्न वेगळाच आहे. लिंडाउअर म्हणतात, पोरीला पुन्हा आठवीत बसवा. नापास म्हणून नव्हे, ती छान पास होतेय. पलीकडच्या गावातल्या कॅथलिक शाळेत घालायचं, तिथं परत आठवी करायची. म्हणजे बरोबरीच्या मुलींपेक्षा ती वर्षानं मोठी, उंच, दणकट होईल आणि कॉलेजवाले बघायला येतील तेव्हा उठून दिसेल. आमचे बाबा म्हणाले, "आमच्या वेळी पोरगा आठवीत राहिला की बाप पट्टा काढायचा. आता बापच फी भरून बसवतो होय?" टेसला विचारलं तर ती म्हणते "ओके". चौदा वर्षांच्या मुलीच्या "ओके"चा अर्थ तुला कळत असेल तर मला सांग.

तू कॉलेजच्या संघाची कोच आहेस, तू एकदा तिचा खेळ बघ ना. त्याच्यावरच सगळं ठरवायचंय. मेपर्यंत शाळेला कळवायचं आहे.

तुझी,
रॉक्सी

ता. क. टेसची मैत्रीण मॅरन ओस्टडिक आमच्याच गाडीतून येते. तिच्या आईला शनिवारी पशुखाद्याचं दुकान बंद ठेवता येत नाही. गेल्या वर्षी खेळायला लागली. सहा फुटांची पोर, स्वतःच्याच बुटांना अडखळते आणि गाडीत तोंडाचा पट्टा अखंड चालू. तेवढीच आमची करमणूक.


डेन्व्हर विमानतळ
३ फेब्रुवारी

प्रिय रॉक्सी,

ती दोन पत्रं फ्रिजवरून काढ. आमच्या कॉलेजची तसली पत्रं मीच लिहिते. म्हणजे एकदा लिहिली, आता संगणक नावं घालतो. एका वर्षी एका कुत्र्यालाही आमचं "तुझ्यावर लक्ष आहे" गेलं होतं. एका मुलीच्या बापानं नोंदणी करताना गंमत म्हणून कुत्र्याचं नाव घातलं होतं. शिबिराची फी भरली तर आम्ही कुत्र्यालाही घेतलं असतं.

आठवीबद्दल मला विचारू नकोस. मुलीची दहावी संपून जून उजाडेपर्यंत कॉलेजच्या कोचनं तिच्याशी किंवा तिच्या घरच्यांशी, शिबिराची जाहिरात सोडली तर, निवडीबद्दल चकार शब्द काढायचा नाही, असा नियम आहे. बहीण म्हणून मी तुझ्याशी हवापाण्यावर बोलू शकते. इथं बर्फ पडतोय, विमान उशिरा आहे, माझा गुडघा ठणकतोय.

मीही थकले आहे गं. जन्म गेला घडीच्या खुर्च्यांवर बसून दुसऱ्यांच्या पोरींचे गुडघे आणि खांदे बघण्यात. त्याहून वाईट म्हणजे पोर अजून किती वाढेल ते कळावं म्हणून आम्ही आयांची उंची बघतो. परवा लिफ्टमध्ये एका अनोळखी बाईला मी इतकं न्याहाळलं की ती पुढच्याच मजल्यावर उतरून गेली. आणि तू, माझे बाई, कुठल्याही फळीवरचा डबा काढायला स्टूल घेतेस.

मार्चमध्ये आमच्या मुख्य कोच आर्डिथबरोबर मी कॅन्सस सिटीला येणार आहे. टेसचा एक सामना बघेन. पण माझ्याशी बोलायला येऊ नकोस आणि ओळख दाखवू नकोस. हिरव्या जाकिटातली एक बाई, एवढंच समज.

ग्वेन


मिलब्रँट
२४ मार्च

प्रिय ग्वेन,

एक सामना म्हणालीस आणि तिन्ही सामने बसलीस!

मी तुझ्याकडे बघितलं नाही, शपथ. डेलनं बघितलं. तो म्हणतो, तू सारखं काहीतरी लिहीत होतीस आणि दुसऱ्या सामन्याला तर आर्डिथलाही घेऊन आलीस. पाण्याच्या नळापाशी मी समोर आले तेव्हा तू मान फिरवून भिंतीवरची आग विझवायची सूचना वाचत उभी राहिलीस. मला हसू दाबता येईना.

आमच्या बाजूच्या बाकांवर नुसती कुजबुज चालली होती. आपल्याकडे कोणत्या रंगाची जाकिटं येऊन बसतात, यावरच आम्हा आईबापांचं जग चालतं. ओक्लाहोमाच्या एका बाईनं विचारलं, "ते हिरवं कॉलेज कोणासाठी आलंय?" मी मूग गिळून बसले. टेस काय खेळली गं! एकही सर्व्ह वाया घालवली नाही. मॅरननं एक स्मॅश इतका जोरात मारला की गुण दाखवणाऱ्या पोरीच्या हातातला सरबताचा पेला उडाला. सगळा हॉल हसला, मॅरन स्वतः सगळ्यात जास्त.

परतीच्या वाटेवर प्लॅट नदीपाशी क्रौंच उतरले होते, शेतंच्या शेतं भरून. एरवी टेस गाडी थांबवायला लावते. या वेळी झोपली होती, किंवा डोळे मिटून पडली होती.

लिंडाउअर म्हणाले, "तीन सामने कोणी उगाच बसत नाही." तेव्हा आमचं ठरलं. टेस पुन्हा आठवी करणार. शाळेला होकार कळवलाय, गणवेशाची मापंही देऊन झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काल मी रात्रभर झोपले.

तुझी,
रॉक्सी


२ एप्रिल

प्रिय रॉक्सी,

घाईत लिहिते आहे. माझ्यामुळे काही ठरवू नकोस. मी कुठं बसले, किती वेळ बसले, यावरून काही धरून चालू नकोस. एवढंच मला लिहिता येतं.

इथला बर्फ अजून गेलेला नाही. गुडघ्यात इंजेक्शन घेतलं. डेलला आणि बाबांना नमस्कार.

ग्वेन


मिलब्रँट
१६ एप्रिल

प्रिय ग्वेन,

तुझं पत्र डेलला मोठ्यानं वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ही नको म्हणतेय." मी म्हटलं, तुला काय कळतंय, नोकरी जाईल म्हणून ती ताकास तूर लागू देत नाहीये. नको असतं तर सरळ नको म्हणाली असती. आपली ग्वेन बोलताना कधी कोणाला घाबरली आहे?

शाळेत आठवीच्या निरोपाची तयारी चालली आहे. सगळी मुलं ऑगस्टमध्ये हायस्कूलला जाणार, म्हणून शिक्षकांनी प्रत्येकाला हायस्कूलच्या रंगाचा टीशर्ट दिला. टेसला द्यायचा की नाही, यावर त्यांची चर्चा झाली म्हणे. शेवटी दिला. तिनं तो मॅरनला देऊन टाकला. तिला तो आखूड होतो, तरी ती घालते.

गाडीत टेस हल्ली बोलत नाही. दोघींच्या वाटणीचं मॅरनच बोलते. मी विचारलं, "बाळा, मनात काही आहे का?" ती म्हणाली, "ओके आहे गं आई, गाडी चालव." लिंडाउअर म्हणतात, मोठ्या खेळाडूंचं असंच असतं, त्या आतल्या आत तयार होत असतात.

असेलही. खरं सांगू? मला तिची भीती वाटायला लागली आहे. तू तीन सामने बसलीस हे आठवते आणि धीर धरते.

रॉक्सी


२० एप्रिल

रॉक्सी,

हे पत्र वाचून फाडून टाक. कोणाच्या हाती लागलं तर माझी नोकरी गेली.

मी मॅरनसाठी बसले होते.

आले होते टेसलाच बघायला, देवाशपथ. पहिल्या सामन्यात दहा मिनिटं तिला बघितलं आणि मग त्या उंच पोरीनं ब्लॉकसाठी उडी मारली. तिला अजून उभं कसं राहायचं ते कळत नाही, हात कुठं ठेवायचे ते कळत नाही, आणि तरी चेंडू तिच्यापलीकडे जात नव्हता. अशी मुलगी आम्हाला कित्येक वर्षांत एखादी दिसते. दुसऱ्या सामन्याला मी आर्डिथला बोलावलं ते तिच्यासाठी. लिहीत होते तेही तिच्याबद्दल.

टेस चांगली खेळते. जे शिकवलं ते सगळं तिला येतं, आणि तेच मला बघवेना. तिच्यात अजून शिकवायचं राहिलंय असं फार थोडं आहे. ती तुझ्या उंचीवर गेली आहे. परत आठवी केली तर ती वर्षानं मोठी होईल, उंच होणार नाही. एखाद्या लहान कॉलेजात ती आनंदानं खेळेल, आणि त्यासाठी तिला कोणत्याही वर्गात दोनदा बसावं लागणार नाही.

हे मी मार्चमध्येच सांगायला हवं होतं. नियमानं मला मॅरनच्या आईशी बोलायला बंदी आहे. तुला "तुझ्या मुलीला जमणार नाही" हे सांगायला कुठल्याच नियमाची आडकाठी नव्हती. जड जात होतं म्हणून मी नियमाचं पांघरूण घेऊन पडले.

आणखी एक. त्याच संध्याकाळी पार्किंगमध्ये मी लिंडाउअरना मॅरनचं नाव सांगितलं होतं. तेही नियमाला धरून नाही, पण ती आडवाट सगळेच वापरतात. ते तुझ्या कानावर घालतील आणि मी सुटेन, असं मी धरून चालले. त्यांनी का सांगितलं नाही ते आज बसमध्ये बसल्या-बसल्या लक्षात आलं. मॅरन तुझ्या गाडीतून येते. उद्या तू टेसला क्लबमधून काढलंस तर मॅरनला ओमाहाला कोण आणणार?

तुला माझा राग येईल. येऊ दे. फक्त शाळेला फोन कर.

ग्वेन


मिलब्रँट
५ मे

प्रिय ग्वेन,

आई तुला लिहीत नाहीये, आणि मी लिहितेय हे तिला माहीत नाही.

तुझं पत्र वाचून ती बाहेर गेली आणि गाडी धुवायला लागली. पाऊस पडत होता. बाबा छत्री घेऊन गेले तर त्यांना म्हणाली, "मला नको, गाडीवर धर." मग आत येऊन तिनं पत्र मला वाचायला दिलं. बाबा नको म्हणत होते. आई म्हणाली, "हिच्याबद्दल सगळ्यांना सगळं माहीत, हिलाच तेवढं नको?" मग फाडलं. काळजी करू नकोस.

मला माहीतच होतं. मॅरन मागच्या रांगेत गेली की तिला बाहेर काढतात ना, तेव्हा तू पाणी प्यायचीस. दर वेळी. मी सर्व्ह करत होते आणि तू बाटलीचं झाकण लावत होतीस.

आईनं विचारलं, "मग तू ओके का म्हणालीस?" मी तिला सांगितलं नाही, पण तुला सांगते. हायस्कूलला मॅरन पहिल्या दिवसापासून मोठ्या संघात असणार आणि मी बाकावर बसून टाळ्या वाजवणार. मला टाळ्या वाजवायच्या नाहीत. ती माझी सगळ्यात जवळची मैत्रीण आहे, आणि कॅन्सस सिटीत एकदा मला वाटलं की हिचा पाय मुरगळावा. खरंच वाटलं. म्हणून मला तिच्याबरोबर त्या शाळेत जायचं नाहीये. आठवीत काय, मी सहावीतसुद्धा बसले असते.

आता आई ते सगळं रद्द करायला निघाली आहे. तू तिला सांग ना, की परत आठवी केल्यावर माझा फायदा होईल. तू कोच आहेस. ती तुझंच ऐकते.

प्लीज.

टेस


१० मे

प्रिय टेस,

नाही सांगणार. तुझ्या आईशी मी एकदा गप्प राहून खोटं बोलले आहे, आता बोलून खोटं बोलणार नाही.

मुरगळावा असं तुला वाटलं, ठीक आहे. पण मुरगळला नाही, आणि मग तू काय केलंस ते मी बघितलं आहे. प्रत्येक सर्व्हच्या आधी मॅरन गोंधळून तुझ्याकडे बघायची आणि तू पाठीमागं हात करून बोटांनी तिला कुठं उभं राहायचं ते दाखवायचीस. तिचे निम्मे ब्लॉक तुझे होते. पाणी पीत नव्हते तेव्हा मी तेही बघत होते.

त्यानं कॉलेजात जागा मिळत नाही. मिळते असं मी म्हणणार नाही. तू हायस्कूलला जा. टाळ्या वाजवायच्या नसतील तर वाजवू नकोस, हात खिशात ठेव. त्याला कुठलाही नियम आड येत नाही.

ग्वेन


मिलब्रँट
११ सप्टेंबर

प्रिय ग्वेन,

उन्हाळाभर लिहिलं नाही. राग होता. अजून आहे, पण तोही आता दमला आहे.

शाळेला त्याच आठवड्यात नकार कळवला. फोनवरच्या बाईनं कारण विचारलं. मी म्हटलं, "मुलगी पास झाली आहे." टेस दोन दिवस जेवली नाही. नंतर ती हे सगळं का करत होती ते तिनं मला सांगितलं, आणि तुला लिहिलं होतं तेही सांगितलं. मी तिला रागावले नाही. या घरात खोटं कोणी कोणाला शिकवलं, तेच मला नीट सांगता आलं नसतं.

मॅरनच्या आईला मी दुकानात जाऊन भेटले. तुझं नाव कुठं घेतलं नाही. एवढंच म्हटलं, की तुझ्या मुलीकडे कोणीतरी बघतंय, तिचं गणित सांभाळ आणि व्हिडिओ जपून ठेव. तुमचे नियम तुम्हाला, मला कोण अडवणार? ती बिचारी पोत्यांवर बसली आणि म्हणाली, "आमच्या मॅरनकडे? ती तर पडते गं सारखी." घरी येऊन मी गाडीत बसून रडले. एवढं मोठं मन माझं नाही, ग्वेन. मी ते केलं, पण मला ते करायचं नव्हतं. नंतर लिंडाउअरना मॅरनच्या आईदेखतच विचारलं, तुम्हाला मार्चपासून माहीत होतं ना? त्यांना तेवढ्यात महत्त्वाचा फोन आला.

मॅरन मोठ्या संघात आहे. तिचे सामने संध्याकाळी असतात, सगळं गाव येतं, राजम्याची चिली आणि सिनॅमन रोल विकतात. टेस नववीच्या संघात. तिचे सामने मंगळवारी दुपारी, तेव्हा जिममध्ये आम्ही चार-पाच आया आणि मॉपवाला गृहस्थ. काल बँकेतून लवकर निघून गेले. सवयीनं फोन काढला व्हिडिओ करायला आणि परत पर्समध्ये टाकला. कोणाला पाठवणार होते?

पहिल्या सेटमध्ये टेस प्रत्येक गुणानंतर दाराकडे बघायची. मला आधी कळेना काय बघतेय ती. मग कळलं. कोणतं जाकीट आलंय का, ते बघत होती. चौदाव्या वर्षी तिला ती सवय लागली आहे आणि मीच ती लावली आहे. दार उघडलं की तिचा चेंडू चुकायचा, आणि आत यायचा कोणाचा तरी धाकटा भाऊ.

दुसऱ्या सेटच्या मध्यावर कधीतरी तिनं बघणं सोडून दिलं. दार उघडलं, आपटलं, ती वळली नाही. एका हुकलेल्या चेंडूवर शेजारच्या मुलीला काहीतरी बोलली आणि दोघी खाली बसून हसत राहिल्या. पंचांनी शिटी वाजवली तरी उठेनात.

इतक्या वर्षांत तिचे किती सामने बघितले असतील मी. हा मात्र ती खेळतेय म्हणून बघितला, आणि तिला अशी बघायला मी, तिची आई, सगळ्यांत शेवटी पोचले.

रॉक्सी